पात्यावरची खूण

या, असे जरा जवळ सरका. मागे बसलात त्यांनीही पुढे यावं. आज आवाज चढवून सांगण्यासारखं काही नाही. एका माणसाची गोष्ट सांगायची आहे. खून नाही, दरोडा नाही, कुणी घर सोडून पळालं नाही. माणूस साधा, देवापुढे रोज हात जोडणारा, बायकोशी कधी वरच्या पट्टीत न बोललेला. नोकरी विमा कंपनीत, आलेल्या दाव्यांची छाननी करण्याची. जळलेल्या दुकानाचे, चेपलेल्या गाडीचे, पाण्यात भिजलेल्या मालाचे फोटो त्याच्या टेबलावर यायचे आणि तो ते भिंगाखाली धरून सांगायचा, नुकसान झालेलं आहे की केलेलं. म्हणून कचेरीत त्याचं नावच भिंग पडलं होतं. भिंग आले, भिंग जेवले, भिंगांना विचारा. आपणही त्याला भिंगच म्हणू. ह्या भिंगाला एक नाद होता, घडीच्या चाकूंचा. खिशात मावणारे, मिटले की बोटाएवढे, उघडले की टक् करणारे चाकू. जमवायचे, पुसायचे, त्यांचे फोटो काढायचे आणि बघत बसायचं. त्यानं त्या चाकूंनी कधी काही कापलं नव्हतं, साधी सुतळीसुद्धा नाही. आणि तरी त्याच्या हातून काय कापलं गेलं, ते ऐका.

सुरुवात इतकी लहान की स्वयंपाकघरातल्या बायकोला तिचा पत्ताही लागला नाही. रविवारची सकाळ होती. त्या वेळी त्याच्या खिडकीत येणारा उजेड सरळ नसतो, समोरच्या इमारतीच्या भिंतीवर आपटून, मऊ होऊन येतो, आणि पात्याला तसलाच उजेड मानवतो. पातं म्हणजे आरसा. समोर असेल ते सगळं दाखवतो. बेत चुकला तर फोटोत चाकूऐवजी फोटो काढणाऱ्याचं नाक येतं. म्हणून भिंगानं जुन्या पांढऱ्या चादरीचा एक छोटा तंबू शिवून घेतला होता, कॅमेऱ्यापुरतं भोक ठेवून. तंबूत ठेवण्याआधी पॉलिश. मऊ फडक्यावर वाटाण्याएवढं घ्यायचं आणि पात्याच्या मुळाकडून टोकाकडे, एकाच दिशेनं, हलक्या हातानं, ओठांत देवाचं नाव घेत फिरवायचं. फडकं काळं होत जायचं, पातं उजळत जायचं, आणि ह्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी होताना पाहून त्याला स्वतःलाच आतून कुणी धुतल्यासारखं वाटायचं. मळ निघतोय, असं तो मनात म्हणायचा. बायको एकदा दारात उभी राहून म्हणाली होती, की एवढी माझी कढई घासली असतीत तर तिच्यात बघून मी वेणी घातली असती. तो हसला होता. हसता हसता हात थांबला नव्हता. तर त्या रविवारी त्यानं वडिलांच्या चाकूचा फोटो काढला. दर वर्षी एकदा, वडील गेले त्या महिन्यात, तो त्या चाकूचा एक फोटो काढून जपून ठेवायचा; पण ह्या वेळचा इतका सुरेख आला की त्याला तो आपल्यापाशीच ठेवणं जमलं नाही. जगभरचे शौकीन आपापले चाकू एकमेकांना दाखवतात अशी फोनवर एक जागा होती, तिथे त्यानं तो लावला. कुणी हात जोडले, कुणी वा म्हटलं. आणि एकानं, ज्यानं स्वतःच्या तोंडाच्या जागी कुत्र्याचं तोंड लावलं होतं, त्यानं लिहिलं, "नक्कल सुबक आहे. कुणी बनवली?"

भिंगानं लगेच उत्तर दिलं, नक्कल नाही, माझ्या वडिलांचा आहे. कुत्र्याच्या तोंडाचा माणूस सभ्य होता. माफ करा, म्हणाला, पातं नवं वाटलं. एवढंच. पण बोटात कुसळ जावं तसं ते गेलं, दिसेना आणि निघेना. नवं वाटलं म्हणजे काय? त्यानं खणातून चाकू पुन्हा काढला. तपकिरी शिंगाची मूठ, पितळी टोपी, आखूड पातं, एका बाजूनं सपाट आणि दुसऱ्या बाजूनं उतरतं, जसं कलम बांधणाऱ्यांचं असतं. नखाच्या खाचेत नख घालून उघडला. टक्. आवाज तोच होता का? की थोडा कोरडा? कचेरीतलं भिंग त्यानं डोळ्याला लावलं, पातं खिडकीकडे धरलं, मुळापाशी नेलं, जिथे पातं मुठीत शिरतं, आणि तिथे काही नव्हतं. तिथे वडिलांची खूण असायची. आता तिथे त्याचा स्वतःचा डोळा होता, मोठा, ओला, पापणी उचललेला, स्वतःकडेच रोखून बघणारा.

वडील रोपवाटिकेत कलमं बांधायचे. आयुष्यभर तेच काम. आंबट फळाचा खुंट, म्हणजे मुळासकटचा बुंधा, घ्यायचा, गोड फळाची फांदी घ्यायची, दोघांना तिरका छेद द्यायचा आणि छेदाला छेद लावून घट्ट बांधायचं, की झाड समजतं आपण एकच आहोत. छेद इतका सपाट हवा की मधून उजेड जाता कामा नये. दुपारी जेवायची सुट्टी झाली की सगळ्या कामगारांचे चाकू एका पेटीत जमा व्हायचे, आणि परत कामाला लागताना पेटी उघडली की ज्याला जो हाती लागेल तो तो उचलायचा, मग भांडणं. म्हणून प्रत्येकानं टोकदार सळीनं आपापल्या पात्यावर मुळाशी खूण ओढून घेतली होती. कुणाचं फूल, कुणाची फुली. वडिलांनी दोन तिरक्या रेघा ओढल्या होत्या, एकमेकींना टेकलेल्या, आणि त्यांच्याभोवती एक वळसा. दोन छेद आणि वरून बांधलेली दोरी. लिहिता न येणाऱ्या माणसाची ती सही होती. भिंगाला आठवलं, लहानपणी तो आणि बारक्या, म्हणजे त्याचा धाकटा भाऊ, रात्री घरी वडील जेवायला बसले की तो चाकू मिटलेलाच घेऊन, आधी वास कुणी घ्यायचा ह्यावर भांडायचे. पात्याला झाडाच्या चिकाचा वास होता, कडवट, ओला. वर्षानुवर्षांच्या चिकानं पातं निळसर काळं पडलं होतं, वादळाआधीच्या आभाळासारखं. बारक्या म्हणायचा, बाबांचा हात असाच वास मारतो. वडील गेले तेव्हा चाकू थोरल्याकडे आला आणि घराच्या मागचं झाड बारक्याकडे गेलं. त्या झाडावर वडिलांनी एकाच खोडावर दोन फळं बांधली होती, अर्ध्या फांद्या आंबट, अर्ध्या गोड. त्या वाटणीत कुणी कुरबूर केली नव्हती. निदान तेव्हा तरी असं वाटलं होतं.

आता मात्र वाटण्याचा भरवसा राहिला नव्हता. खूण नाही म्हणजे हा तो चाकू नव्हे. हा तो नव्हे म्हणजे तो कुणीतरी नेला आणि हा ठेवला. नेला म्हणजे घरात येणारं कुणीतरी. दुपारी जेवताना त्यानं बायकोकडे पाहिलं. ती भात वाढत होती आणि तिच्या बहिणीच्या नव्या जावयाबद्दल काहीतरी सांगत होती, आणि त्याला प्रथमच जाणवलं की ही बोलते तेव्हा डाव्या हातानं टेबलावरचे कण गोळा करत राहते. का? तिला खणाची किल्ली कुठे असते ते ठाऊक होतं. कपाटाची बिजागरी बसवायला आलेला सुतार, त्याला तिनं एकट्याला सोडून ती खाली गेली होती की नव्हती? तिला विचारलं तर ती म्हणेल, मी इथेच होते. खरं सांगणारीही हेच म्हणते, खोटं सांगणारीही. त्यानं विचारलं नाही.  पंखा फिरत होता, त्याचं एक पातं किंचित वाकडं होतं, दर फेरीला ते जरासं थबकायचं, आणि भिंगाला वाटलं की ते एक पातं सगळं जाणून आहे.

मग त्याला बारक्या आठवला, आणि आठवल्याबरोबर सगळं जागच्या जागी बसलं, इतकं पटकन बसलं की त्याला जवळजवळ बरं वाटलं. गेल्या थंडीत बारक्याच्या घराचं छप्पर दुरुस्तीला काढलं होतं तेव्हा तो ह्यांच्याकडे राहायला आला होता. बारक्या शाळेची बस चालवतो. पोरांना हसवत नेतो, हसवत आणतो, आणि त्या हसवण्याची सवय घरीही सोडत नाही. वहिनीला म्हणायचा, दादा चाकूंना आंघोळ घालतो, तुम्हाला निदान पावडर तरी लावतो का? एका दुपारी भिंग कचेरीतून लवकर आला, तर खण उघडा आणि बारक्या खिडकीशी उभा, वडिलांचा चाकू उघडून नाकाशी धरलेला. भिंगाला बघून दचकला नाही. म्हणाला, "दादा, ह्याला बाबांचा वास येत नाही रे आता." तेव्हा भिंगानं चाकू त्याच्या हातातून घेतला होता आणि बोटांचे डाग पुसायला फडकं उचललं होतं. आता ते वाक्य त्याच्या कानात फिरू लागलं. कचेरीतली विद्या काय सांगते? ज्यानं स्वतः आग लावली तोच पहिला येऊन सांगतो की साहेब, मला जळका वास आला. वास येत नाही! म्हणजे आधीच पायरी बांधून ठेवली. उद्या फरक लक्षात आलाच तर म्हणायला मोकळा, मी तेव्हाच बोललो होतो.

तो आठवडा भिंगानं कसा काढला ते त्याच्या देवालाच माहीत. सकाळी हात जोडून उभा राहायचा आणि मिटल्या डोळ्यांपुढे बारक्याचा अंगठा यायचा, नखाच्या खाचेत शिरणारा. कचेरीत एक फोटो आला, जळून गेलेल्या कापडाच्या दुकानाचा. ह्यानं भिंगातून भिंतीवरची काजळी पाहिली, काजळी खालून वर चढते, इथे मधूनच सुरू झाली होती. त्यानं शेरा मारला, आणि मारताना त्या दुकानदाराचा चेहरा कधीही न पाहता त्याला तो बारक्यासारखा दिसला. संध्याकाळी घरी परतताना रस्त्यावरचे दिवे लागायचे आणि दुकानांच्या काचांतून त्याच्याबरोबर एक माणूस चालायचा, मान थोडी पुढे, डोळे बारीक. तो आपणच, हे त्याला काचेशी थांबून तपासावं लागायचं. बालपणातलं बारक्याचं एकेक हसू तो बाहेर काढून उजेडाकडे धरायचा. आईच्या डब्यातली मिठाई कुणी खाल्ली होती? दोघांनी. पण आधी कुणी? आणि मग हात का पुसला होता त्यानं? एवढी वर्षं ज्या भावावर जीव टाकला तो भाऊ कोणता आणि त्याच्या जागी ठेवलेला कोणता, हे भिंगालाच सांगता येईना. बायकोनं एकदा विचारलं, तब्येत बरी आहे ना? हिला का विचारावंसं वाटलं, असं त्याच्या मनात आलं, आणि तो म्हणाला, हो, बरी आहे.

आणि नेमका शनिवारी बारक्याचा फोन आला. मागे पोरांचा गलका, कुणीतरी बसचा हॉर्न दाबत होतं, बारक्या ओरडून म्हणाला, अरे हात काढ तिथून, मग इकडे म्हणाला, "दादा, झाड चाललं रे." मग सांगू लागला. खोड आतून पोखरलंय, माळी म्हणाला पाडावंच लागेल, नाहीतर वारा सुटला की शेजाऱ्याच्या भिंतीवर येईल. पण गोड फांदीला अजून जीव आहे. तिची एक काडी काढून नव्या खुंटावर बांधायची, म्हणजे बाबांचं झाड बाबांचंच राहील. फांदीवरचे डोळे, कोंबांचे, फुगलेत, फुटायच्या आत बांधायला हवं, दोन-चार दिवसांचा खेळ आहे. आणि मग तो म्हणाला, आवाज थोडा खाली आणून, लहानपणी काही मागायचं असलं की आणायचा तसा, "बाबांचा चाकू एक दिवस देशील? त्यांच्याच चाकूनं बांधू म्हटलं."

भिंगाचा आवाज कचेरीतला निघाला, कोरडा आणि स्पष्ट. "कुठला चाकू? तू घेऊन गेलास तो, की ठेवून गेलास तो?"

म्हणजे काय, असं बारक्यानं विचारलं, आणि भिंगानं सांगितलं. एकही शब्द वाया न घालवता, शेरा लिहावा तसं. खूण नाही. धातू नवा. गेल्या थंडीत तू होतास. खण उघडा मी पाहिला. वासाबद्दल तू बोललास. बोलताना त्याला स्वतःच्या मांडणीचं कौतुक वाटत होतं, कुठे सांधा दिसत नव्हता. पलीकडे पोरांचा आवाज हळूहळू दूर गेला. बारक्या बसपासून लांब चालत गेला असावा. 

"म्हणजे मी बदलला."

"हं."

"बरं. तू म्हणतोस तर बदलला. मग तुझ्याकडे आहे तो खोटा."

"खोटा."

"मग तो खोटाच दे, दादा. मला काडीपुरता हवाय. खोटा तर खोटा."

भिंगानं तोंड उघडलं आणि जे आलं ते त्याचं त्यालाही आधी माहीत नव्हतं. तो म्हणाला, तो देता येणार नाही, तो पुरावा आहे. पलीकडे बारक्या हसला. हसणं छोटंसं, बसमधल्या पोरांना हसवतो त्यातलं नव्हे. म्हणाला, "मला दावा नंबर तरी सांग रे, पुढच्या वेळी फोन करताना लागेल." आणि फोन ठेवला.

आता खरं तर पुढे काही करायची गरज नव्हती. पण ज्याला छाननीची सवय असते त्याला निकाल लागला तरी चैन पडत नाही, त्याला कागद पूर्ण हवा असतो. रविवारी सकाळी भिंगानं टेबलावर सगळे फोटो मांडले, वडील गेल्यापासूनचे, वर्षाला एक, छापून घेतलेले. कचेरीत दोन फोटो घेतात, आधीचा आणि नंतरचा, आणि मधली रेघ शोधतात. ह्या रेघेच्या अलीकडे माल धड होता, पलीकडे गेला. त्याला ती रेघ हवी होती. गेल्या वर्षीच्या फोटोपर्यंत खूण, ह्या वर्षी गायब, मधोमध बारक्या. त्यानं भिंग लावलं आणि ह्या वर्षीचा पाहिला. खूण नव्हती. गेल्या वर्षीचा पाहिला, थंडीच्या आधीचा. बारक्या यायच्या आधीचा. त्यातही खूण नव्हती. म्हणजे असायला हवी तिथे एक सावली होती, श्वास काचेवर पडून उडून जावा तेवढी. त्याला वाटलं उजेडाचा दोष असेल. त्याच्या आधीचा घेतला. त्यात वळसा नव्हता, दोन रेघांची टोकं होती. त्याच्या आधीच्यात रेघा होत्या, पण केसाइतक्या. असा एकेक फोटो मागे जात तो गेला आणि खूण उगवत गेली, रेघा खोल झाल्या, वळसा भरला, आणि पातं मळत गेलं, पांढऱ्याचं राखाडी, राखाडीचं निळसर, आणि अगदी पहिल्या फोटोत, स्वस्तातल्या कॅमेऱ्यानं घाईत काढलेल्या, वाकड्या, आपल्याच डोक्याची सावली पडलेल्या फोटोत, पातं होतं वादळाआधीच्या आभाळासारखं आणि त्यावर वडिलांची सही, काल ओढल्यासारखी. दर वर्षी फोटो सुरेख होत गेला होता. दर वर्षी त्याला सगळ्यांनी वा म्हटलं असतं. आणि ह्या सगळ्या रांगेत रेघ कुठेच नव्हती. आधीचा आणि नंतरचा असे दोन चाकू नव्हते. एकच होता, रविवारमागून रविवार एकाच दिशेनं, हलक्या हातानं, देवाचं नाव घेत घासलेला.

 कुठेतरी नळ गळत होता. टेबलाच्या कडेला ते फडकं पडलं होतं, घट्ट काळं, वाळून कडक झालेलं, आणि त्याची नजर फोटोंवरून सरकत त्याच्यावर आली. मळ निघतोय, असं तो म्हणत आला होता. मळ कधीचा संपला होता. त्यानंतर जे निघत होतं ते फडक्यात होतं. त्यानं ते उचलून नाकाशी नेलं, बारक्यानं नेला होता तसंच. पॉलिशचा वास आला, फक्त पॉलिशचा. बारक्या खरं बोलला होता. त्यानं आगीची वर्दी दिली होती, आणि आग लावणारा त्याच वेळी फडकं शोधत होता. पण ह्याहूनही एक गोष्ट त्याला जास्त लागली. खोटा आहे असं त्याला मनापासून वाटत होतं तेव्हाही त्यानं तो दिला नव्हता. खोटा चाकू जपून त्याला काय करायचं होतं?

बायको दारात आली, फोटोंची रांग आणि नवऱ्याचं तोंड बघून थांबली. त्यानं सांगितलं, चार-पाच वाक्यांत. ती म्हणाली, "भावजींनी काल मलाही फोन केला होता. तुमच्याबद्दल अक्षर बोलले नाहीत. विचारत होते, दाढीच्या पात्यानं नीट छेद जातो का." ती टेबलावर नसलेले कण डाव्या हातानं गोळा करत राहिली आणि भिंगाच्या लक्षात आलं की ती घाबरली की असं करते, आणि तो आठवडाभर तिला घाबरवत होता. चाकू खिशात घालून तो निघाला. चाकू खिशात घालायची ही पहिलीच वेळ. चालताना तो मांडीला लागत होता, जिवंत काहीतरी असल्यासारखा.

बारक्याच्या घरामागं ते झाड अजून उभं होतं. बुंध्यातून भुसा सांडलेला, आणि वर, एका बाजूच्या फांद्यांवर, डोळे टपोरलेले. बारक्या उकिडवा बसून एका कुंडीतल्या खुंटाला पट्टी गुंडाळत होता. शेजारी दाढीचं पातं पडलं होतं, आणि चिरफळ्या झालेल्या, टाकून दिलेल्या काड्या, आणि त्याच्या दोन बोटांना चिकटपट्ट्या. त्यानं वर पाहिलं. "या भिंगसाहेब," म्हणाला. दादा म्हणाला नाही. नेहमी पहिल्या झटक्यात बस म्हणतो, तेही म्हणाला नाही. भिंगानं येताना वाक्यं जुळवली होती, ती बाजूलाच राहिली. त्यानं चाकू मिटलेलाच पुढे केला, मूठ बारक्याकडे.

"हा खरा आहे. खूण मीच घासली."

बारक्यानं चाकू घेतला. उघडला. पातं उन्हात असं लखकलं की त्याच्या गालावरून उजेडाचा एक तुकडा पळाला. त्याचा अंगठा आपोआप मुळाशी गेला, जिथे तो लहानपणापासून जायचा, आणि तिथे फिरत राहिला, आंधळ्यानं दार चाचपावं तसा.  मग त्यानं एक पडलेली काडी उचलून तिच्यावर पातं टेकवलं. पातं घसरलं. सालीवर एक ओरखडाही उठला नाही. धारसुद्धा पॉलिशमध्ये गेली होती. सपाट बाजू सपाट राहिली नव्हती. बारक्या उठून आत गेला आणि दगड घेऊन आला, वडिलांचाच, मधोमध झिजलेला, पाणी सांडत. उकिडवा बसला आणि पातं दगडावर ठेवून घासू लागला. खर्र, खर्र. दर हाताला आरसा जात होता. त्या लखलखीत पात्यावर करडे चरे उमटत होते, आडवेतिडवे, आणि भिंगाचा हात स्वतःहून खिशाकडे गेला, फडकं शोधायला. खिसा रिकामा होता. तरी त्याला हात आवरावा लागला, दुसऱ्या हातानं धरून.

"आता फोटो चांगला येणार नाही ह्याचा," बारक्या मान वर न करता म्हणाला.

 बारक्यानं धार अंगठ्यावर पाहिली, झाडाची एक काडी खुडून आणली, दुसरी कुंडी ओढली आणि चाकू मोठ्या भावापुढे धरला. काप, म्हणाला. भिंगानं आयुष्यात पहिल्यांदा आपल्या चाकूनं काहीतरी कापलं. पातं तिरकं गेलं, ओल्या लाकडातून, एका दमात, आणि चीक बाहेर आला, पात्यावर पसरला, आणि तो वास आला. कडवट, ओला. दोघांनाही आला, कारण दोघेही एकदम थांबले. बारक्यानं छेदाला छेद लावून उजेडाकडे धरला, एक डोळा मिटून पाहिलं. बरा आहे, म्हणाला, माझ्यापेक्षा बरा. बांधताना त्याची बोटं भिंगाच्या बोटांना लागत होती. गाठ मारून झाल्यावर, हात पुसता पुसता, तो अगदी साध्या आवाजात म्हणाला, "खोटाच दे म्हटलं होतं, तेव्हा तरी द्यायचा होतास रे, दादा."

 चीक पुसू नकोस, एवढंच भिंग म्हणाला, आणि चाकू तिथेच ठेवून घरी आला. त्याच्या खणात मखमलीवर त्या चाकूच्या आकाराचा एक खड्डा आहे. बायको ते काळं फडकं धुवायला घेत होती, त्यानं तिला थांबवलं, घडी करून त्या खड्ड्यात ठेवलं. वडिलांची सही आता कुठे असेल तर ती तिथे आहे, त्या काळ्यात, कुणाला वाचता येणार नाही अशी. त्याचा फोटो त्यानं काढलेला नाही.

तर मंडळी, कलम जगलं का, हे विचारू नका. डोळा फुटतो की सुकतो ते झाडाच्या आणि देवाच्या हातात, अजून पट्टी सोडलेली नाही. भावांचं काय, हेही विचारू नका. तिथलीही पट्टी सुटलेली नाही. एवढंच मागणं आहे. उठून घरी जाल, कुणाबद्दल तरी मनात कुसळ असेल, सगळं जागच्या जागी छान बसलेलं असेल, तेव्हा त्या बारक्याची आठवण काढा. ज्याच्यावर चोरीचा आळ आला आणि ज्यानं स्वतःबद्दल एक शब्द न बोलता, झाड वाचावं म्हणून, खोटा तर खोटा म्हणत हात पुढे केला होता. त्याला विसरू नका.